हरिपूर ते मिरज रोज सायकल : पंक्चर वारंवार का होते आणि टायर कोणता घ्यावा?

हरिपूर_रोड

नमस्कार. मी हरिपूरला राहते आणि मिरजेतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मागील दिवाळीपासून मी रोज सायकलने जाते-येते. सांगली गावातून पुष्पराज चौक, विश्रामबाग, वानलेसवाडी असे करत मिरज गाठायला पाऊण ते एक तास लागतो. एका बाजूचे अंतर बारा-तेरा किलोमीटर असावे. सायकल साधी, गिअरची, ७०० × ३५ टायरची आहे. सायकल मला मनापासून आवडते आणि ती सोडायची नाही, हे आधीच सांगते.

अडचण अशी की जूनपासून आतापर्यंत सात वेळा पंक्चर झाले. त्यांपैकी पाच मागच्या चाकाचे आणि दोन पुढच्या. सकाळी सात वाजता रुग्णांचे रक्ताचे नमुने घ्यायला सुरुवात होते, त्यामुळे मी उशिरा पोहोचले की उपाशीपोटी आलेली माणसे बाकावर ताटकळत बसतात. मागच्या गुरुवारी वानलेसवाडीजवळ भर पावसात सायकल ढकलत निघाले, तेव्हा मला माझ्या भिजण्यापेक्षा त्या माणसांचीच अधिक काळजी लागली होती.

रस्त्याकडेचे दुकानदार पंक्चर काढून देतात आणि ‘टायर बदला’ एवढेच सांगतात. कोणी ट्यूबमध्ये जेल भरायला सांगते, तर कोणी भरीव रबराचे टायर बसवायला सुचवते. हवा मी अंगठ्याने दाबून पाहते आणि पंधरा-वीस दिवसांनी भरून घेते. महाग टायर घेतला तर हा त्रास खरोखर कमी होईल का, की पैसे वाया जातील? आणि टायर घ्यायचाच असेल तर नेमके काय पाहून घ्यावे? ज्यांनी आपल्याच भागातील रस्त्यांवर बरीच वर्षे सायकल चालवली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बुधगाव_कुपवाड

ताई, मी बुधगावहून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत अकरा वर्षे सायकलने कामाला जात आहे. टायर घेण्याची घाई करू नका, अशी माझी पहिली विनंती आहे. सात पंक्चर झाली म्हणजे सात वेळा नशीब वाईट निघाले असे सहसा नसते. बहुधा एकच कारण पुन्हा पुन्हा भेटत असते, आणि ते ट्यूबवरचे भोक पाहिले की कळते. दुकानदाराला घाई असते, तो भोक शोधतो, पॅच लावतो आणि ट्यूब परत आत घालतो. ते भोक कशाने पडले हे पाहण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो, म्हणून ते आपणच पाहायला हवे.

ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, एकच बारीक भोक असेल तर काही तरी टायरमधून आत शिरलेले आहे. आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला भोक असेल, तर रिमवरची पट्टी सरकून स्पोकचे निपल, म्हणजे स्पोक रिमला धरून ठेवणारी बारीक चावी, ट्यूबला टोचत आहे आणि मग जगातला कोणताही टायर घेतला तरी पंक्चर होणारच. दोन लहान चिरा समोरासमोर दिसत असतील, जणू साप चावला आहे, तर हवा कमी होती. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटले आणि रिम व रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिमटली गेली. वॉल्व्हच्या बुडाशी फाटले असेल तर कमी हवेमुळे ट्यूब टायरसोबत थोडी थोडी सरकत होती, असे समजावे. अशा चाकाचा वॉल्व्ह रिममधून सरळ उभा न दिसता तिरका झुकलेला दिसतो.

आता बाहेरून काय शिरते, तेही सांगतो, कारण ते गावागणिक वेगळे असते. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सराटा जमिनीलगत पसरतो. त्याला पाच पाकळ्यांची लहान पिवळी फुले येतात. फळ सुकले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तो तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. वेड्या बाभळीचा काटा त्याहून लांब; तो टायरमध्ये टोक मोडून बसतो आणि वरून काहीच दिसत नाही. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या सुरू झाल्या की बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्रीचे खिळे रस्त्यावर पडतात. आमच्या वसाहतीत लेथवरून निघालेली लोखंडी कात्रणे ट्रकमधून सांडतात. आणि सर्वांत फसवी वस्तू म्हणजे फुटलेल्या ट्रकच्या टायरमधील पोलादी तार. केसापेक्षा थोडी जाड, चार-पाच मिलिमीटर लांब, अशी ती तार टायरच्या रबरात उभी रुतून बसते. चाक हवा भरलेले असताना ती बोटाला लागत नाही. वजन पडले की आतून टोक वर येते आणि ट्यूबला टोचते. मला एकाच तारेने दोन आठवड्यांत तीन वेळा पंक्चर केले होते.

तिला शोधायची रीत सोपी आहे. टायर काढा, आतून पूर्ण फेरीभर कापसाचा बोळा फिरवा, जिथे कापूस अडकेल तिथे थांबा आणि चिमट्याने ती वस्तू बाहेरच्या बाजूने ओढून काढा. नुसते बोट आतून फिरवू नका, काच असेल तर बोट कापते. शिवाय टायर बसवताना त्यावर छापलेले नाव नेहमी वॉल्व्हच्या समोर येईल असे बसवा. मग ट्यूबवरचे भोक वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजले की टायरमधली जागा आपोआप सापडते. ट्यूब उलटसुलट धरली गेली असेल म्हणून वॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर पाहावे.

पावसाळ्यात पंक्चर का वाढते, हे अनेकांना कोडे वाटते. पाणी रबर आणि काच यांच्यामध्ये वंगणाचे काम करते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर जी काच घसरून बाजूला गेली असती ती ओल्या टायरमध्ये सहज शिरते. त्यातच रस्त्यावरची सगळी घाण वाहून कडेला साठते, आणि आपण सायकलवाले नेमके त्याच कडेने जातो. कडेपासून हातभर आत चालवत जा. मागून येणाऱ्या वाहनालाही आपण अधिक स्पष्ट दिसतो. मागच्या चाकावर वजन जास्त असते आणि आडवी पडलेली वस्तू पुढच्या चाकाने उभी होऊन मागच्याला लागते, म्हणून तुमचे पाचास दोन हे प्रमाण मला अगदी स्वाभाविक वाटते.

आधी ट्यूब तपासा आणि काय दिसले ते येथे लिहा. टायरचे नंतर पाहू.

हरिपूर_रोड

मनापासून आभार. काल रविवार होता म्हणून वेळ काढून दोन्ही चाके उघडली. दुकानदाराने मागे बदललेली एक जुनी ट्यूबही घरात होती. ती आणि आताची अशा दोन्ही ट्यूब पाण्याच्या बादलीत धरून, जुने पॅच कुठे आहेत ते पेनाने खुणा करून पाहिले. मागच्या चाकाची तीन भोके वॉल्व्हपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, वीतभराच्या आत निघाली. टायरमध्ये त्या जागी कापूस फिरवला तर तो लगेच अडकला. दिव्याच्या उजेडात टायर वाकवून पाहिल्यावर रबरात काळसर चमक दिसली आणि चिमट्याने ओढल्यावर एक तार निघाली, आमच्या प्रयोगशाळेतील सर्वांत बारीक सुईइतकी. ती मी कागदावर चिकटवून ठेवली आहे. जूनपासून ती तिथेच बसली होती आणि मी दर वेळी नव्या पॅचसह तिच्यावरच बसून जात होते.

बाकीच्यांपैकी दोन जागी समोरासमोर चिरा आहेत, एक मागच्या आणि एक पुढच्या ट्यूबला. म्हणजे हवेचा दोषही माझाच निघाला. उरलेली दोन साधी काट्याची असावीत. आता पॅच घरीच लावायला शिकावे असे वाटते. दुकानात लावलेला एक पॅच कडेने सुटत आला आहे. तो का सुटतो?

मिरज_जुने_स्टेशन

ताई, माझ्या वडिलांचे मिरजेत सायकलचे दुकान होते आणि मी शाळकरी वयापासून तिथे पंक्चर काढली. पॅच सुटतो तो तीन कारणांनी. ट्यूब नीट घासलेली नसते, सोल्युशन, म्हणजे पॅचखाली लावायचा रबरी द्राव, ओले असतानाच पॅच दाबलेला असतो, किंवा घासलेल्या जागेला घामाचा हात लागलेला असतो.

नव्या ट्यूबवर साच्यातून काढताना लावलेल्या पावडरीचा आणि मेणचट पदार्थाचा थर असतो, तो निघेपर्यंत पॉलिश पेपरने घासावे. चकाकी जाऊन रबर मळकट काळे दिसले पाहिजे. ट्यूबवर साच्याची उभी रेघ उठलेली असेल तर तीही घासून सपाट करावी, नाहीतर पॅचखाली त्या रेघेच्या कडेने हवा वाट काढते. सोल्युशन पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पातळ पसरावे आणि पाच मिनिटे थांबावे. ही पाच मिनिटेच लोकांना जड जातात. सोल्युशन हे डिंकासारखे ओलेपणी चिकटवायचे नसते. त्यातला द्राव उडून गेल्यावर पॅचच्या खालच्या रबराशी त्याची जोड होते. चमक गेली आणि कडेला हलकेच बोट लावल्यावर ओले लागले नाही, की पॅच ठेवून मधून कडेकडे चमच्याच्या पाठीने जोरात दाबावे. नंतर थोडे शंखजिरे चोळावे म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही. आमच्या दुकानात शंखजिऱ्याचा डबा कायम उघडा असायचा आणि संध्याकाळी वडिलांचे हात कोपरापर्यंत पांढरे झालेले असायचे.

सोल्युशनशिवाय लावायचे, मागे गोंद असलेले तयार पॅच मिळतात. ते वाटेत वेळ निभावायला ठीक आहेत, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यांचा गोंद मऊ पडतो. घरी आल्यावर ते काढून रीतसर पॅच लावावा. सोल्युशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते, म्हणून मोठी नळी घेऊ नये, लहान दोन घ्याव्यात. आणि काटा दिसला की लगेच ओढून काढू नका. पुष्कळदा काट्यानेच भोक बुजलेले असते आणि हवा इतकी हळू जाते की तसेच सावकाश घर किंवा कामाची जागा गाठता येते.

एक अवांतर गोष्ट, पण आपल्या जिल्ह्याशी तिचा संबंध आहे म्हणून लिहितो. बेलफास्टमध्ये जॉन बॉयड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते १८८८ साली, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले तेही १८८८ सालीच. पुढे १९१० मध्ये त्यांनी आपल्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. आमचे वडील हे गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत असत.

कृष्णाकाठ

टायरबद्दल मी लिहितो, कारण या बाबतीत मी एकदा चुकून पैसे घालवले आहेत. दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितला आणि त्यांनी दिला. घरी आणल्यावर तो रिमवर सैल बसू लागला. अठ्ठावीस इंच हे नाव दोन निरनिराळ्या मापांना आहे. जुन्या काळ्या, दूधवाल्यांच्या सायकलींचा २८ × १½ हा टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमसाठी असतो, तर ७०० ‘सी’ हा, ज्यावर कधी २८ असेही छापलेले असते, तो ६२२ मिलिमीटरचा. सव्वीस इंचांतही तोच घोळ आहे: २६ × १⅜ हा ५९० चा आणि २६ × १.७५ हा ५५९ चा. म्हणून इंचांवर विसंबू नये. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असा जोडआकडा असतो, त्यातील दुसरा आकडा तुमच्या जुन्या टायरवरील आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. पहिला आकडा रुंदीचा आहे, त्यात थोडा फरक चालतो. ट्यूब मात्र ताणली जाते, त्यामुळे तिच्यावर छापलेल्या मापांत आपले माप बसले की पुरे.

पंक्चर रोखण्याचे खरे काम टायरच्या पृष्ठभागाखालचा संरक्षक थर करतो. काही टायरांत तो अरामिड धाग्यांचा, म्हणजे लोक ज्याला केव्हलार म्हणतात त्याचा विणलेला पट्टा असतो. तो पातळ आणि हलका असतो, काचेचा काप चांगला अडवतो, पण बारीक तार किंवा काटा धाग्यांच्या मधून वाट काढू शकतो. दुसऱ्या प्रकारात जाड, लवचिक रबराचा थर असतो. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरमध्ये हा थर पाच मिलिमीटरचा आहे. म्हणजे तुमच्या कागदावरची ती तार बहुधा ट्यूबपर्यंत पोहोचलीच नसती. मी तो दोन वर्षे वापरत आहे आणि माझे त्याबद्दलचे मत फार चांगले आहे. पण तो एक टायर पाऊण किलोहून जड असतो, रिमवर चढवताना बोटे दुखतात, सुरुवातीला सायकल जडही वाटते, आणि एका टायरला तीन हजारांच्या पुढे पैसे मोजावे लागतात. राल्सन, मेट्रो यांसारख्या आपल्याकडील कंपन्यांचे साधे टायर काही शेकड्यांत मिळतात. त्यांतले संरक्षक पट्टा असलेले, जाड पृष्ठभागाचे टायर आपल्या डांबरी रस्त्यावर मुळीच वाईट नाहीत.

तुम्हाला माझा सल्ला असा की महाग टायर एकच घ्या आणि तो मागे बसवा, कारण पाच पंक्चर तिथली आहेत. पुढच्या चाकाला साधा पण चांगल्या स्थितीतला टायर चालेल. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी: झिजलेला, बाजूंना उन्हाने चिरा पडलेला टायर कधीही पुढे ठेवू नये. मागचा टायर फुटला तर सायकल हलते, पण सावरता येते. पुढचा फुटला तर माणूस थेट रस्त्यावर पडतो.

नक्षीचा फार विचार करू नका. खोल गाठी असलेले टायर चिखलात आणि शेतवाटेवर उपयोगी पडतात. डांबरावर ते फक्त आवाज करतात आणि दमवतात. सायकलचा टायर अरुंद असतो आणि आपला वेगही कमी असतो, त्यामुळे मोटारीसारखे पाण्यावर तरंगून घसरण्याची भीती नसते. रुंदी वाढवणे मात्र खरोखर फायद्याचे आहे. फ्रेम आणि मडगार्ड यांमध्ये जागा असेल तर ३७ किंवा ४० घ्या. खड्ड्यांत रिम आपटणे कमी होते.

हवेसाठी दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घरी ठेवा. टायरवर छापलेल्या कमाल-किमान आकड्यांच्या आत राहून, तुमच्या वजनाला ३५ च्या टायरमध्ये मागे साठ आणि पुढे पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) ठेवून पाहा. अंगठ्याला चाळीस आणि साठ यांतला फरक कळत नाही. ट्यूब ठणठणीत असली तरी रबरातून हवा हळूहळू झिरपते, तेव्हा पंधरा-वीस दिवसांनी नव्हे, दर आठवड्याला भरावी. पेट्रोल पंपावर भरायची वेळ आलीच तर यंत्रावर आकडा लावून, थोडी थोडी भरा. सायकलच्या टायरमध्ये हवा फार कमी मावते आणि क्षणात जास्त होते.

तासगाव_द्राक्षबाग

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो. मी तासगाव भागात द्राक्षबागांच्या मधल्या रस्त्यांनी जातो. तिथे कुंपणासाठी तोडलेल्या बोराटीच्या आणि बाभळीच्या फांद्या वाटेवरूनच ओढून नेतात, त्यामुळे रस्ता काट्यांनी अक्षरशः पेरलेला असतो. जाड थराच्या टायरनेही माझे भागले नाही. शेवटी ट्यूबलेस रिम घेऊन आत लॅटेक्सचा दुधाळ द्रव भरला. काटा शिरला की द्रव बाहेर येतो, हवेशी संपर्क होताच गोठतो आणि भोक बंद होते. मागच्या वेळी टायर उघडला तेव्हा त्यात आतून नऊ काट्यांची टोके मोजली, आणि त्यांतल्या एकाचाही मला रस्त्यात पत्ता लागला नव्हता.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हा द्रव काही महिन्यांत सुकतो, उन्हाळ्यात आणखी लवकर, आणि पुन्हा भरावा लागतो. काचेचा मोठा काप त्याने भरत नाही. साध्या ट्यूबमध्ये तो भरला तर पुढे पॅच लावताना भोकातून द्रव झिरपत राहतो आणि पॅच धरत नाही, म्हणून रस्त्यावरचे पंक्चरवाले अशी ट्यूब हातात घ्यायला नाखूश असतात. ताईंचा रस्ता पूर्ण डांबरी आहे आणि मुख्य कारण सापडलेले आहे. त्यांनी हा खर्च करू नये असेच मी म्हणेन. भरीव टायरही नकोत. ते पंक्चर होत नाहीत हे खरे, पण प्रत्येक हादरा मनगटांना आणि स्पोकना सोसावा लागतो, आणि रोजच्या पंचवीस किलोमीटरला ते फार होते.

हरिपूर_रोड

सर्वांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही तरी हाती यावे असे वाटत होते.

जाड थराचा ३७-६२२ मागच्या चाकाला घेतला. चढवताना शेवटचा वीतभर भाग काही केल्या रिमवर येईना. मग टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आल्यावर तो हातानेच बसला, टायर चढवायचा लिव्हर लागला नाही. मागचा जुना टायर तार निघालेल्या जागी कापला गेला होता, म्हणून तो टाकून दिला. पुढचा मूळचाच ठेवला आहे; बाजू तपासल्या, चिरा नाहीत. काट्याचा पंप आणला आणि पहिल्याच दिवशी पुढच्या चाकात फक्त तेहतीस पीएसआय निघाली, जी अंगठ्याला मला पुरेशी कडक वाटत होती. आता दर रविवारी भरते.

या पाच आठवड्यांत एक पंक्चर झाले, पुढच्या चाकाला, विश्रामबागेच्या पुढे. सराट्याचा काटा होता. मिरजेच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे तो काढला नाही, तसाच ठेवून सावकाश मिरजेपर्यंत गेले आणि सातला पाच मिनिटे कमी असताना पोहोचले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सायकलतळावर ट्यूब बदलली आणि भोक पडलेली घरी आणून रात्री तिला पॅच लावला. सोल्युशन सुकायला ठेवून पाच मिनिटे घड्याळाकडे पाहत बसले होते. तो पॅच अजून टिकून आहे. जादाची ट्यूब मी आता जुन्या पायमोज्यात गुंडाळून पिशवीत ठेवते, म्हणजे लिव्हर आणि पान्याला घासून ती पिशवीतच फाटत नाही.